बाबांना मिसिसिपी दाखवायचीय!

...नाही, पण मला एक सांगा, नदी बघायला माणसाला लागतं काय हो? दोन डोळे! आणि नदी! संपलं! नदी कुठे पळून जात नाही, तिची अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही, 'आहात का घरी' म्हणून आधी फोन करावा लागत नाही... आणि आमच्याकडे एक नदी बघायला जायचं म्हणून साडेतीन महिने मीटिंगा चालल्या होत्या, मीटिंगा! चार नकाशे, एक एक्सेल शीट, दर शनिवारी परातभर चिवडा, आणि शेवटी ठरलं काय? सांगतो. सगळं सांगतो. तुम्ही नुसते बसा.

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. मी तोंड उघडलंच कशाला? गप गाडीत बसवायचं आणि निघायचं! अर्विंगहून लुइझियाना आहे कितीसं लांब? आमच्या टेक्ससला चिकटलेलं राज्य, सकाळी चहा घेऊन निघालं की संध्याकाळच्या चहाला तिकडे. पण नाही! आपल्या माणसाला कुठे जायचं झालं की आधी चार जणांना सांगितल्याशिवाय गाडीत पेट्रोल भरवत नाही. आणि सांगितलं की ते चारही जण काय म्हणतात? 'अरे वा! कधी? किती दिवस?' असं म्हणतात? छे! ते म्हणतात, 'जाताच आहात तर...' बस. हे तीन शब्द. माझ्या आयुष्याची या तीन शब्दांनी जेवढी माती केली ना, तेवढी माझ्या मॅनेजरनंसुद्धा केलेली नाही.

आता मूळ गोष्ट. माझे वडील, पुरुषोत्तम मास्तर. जत तालुक्यातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. आता जत म्हणजे तुम्हाला माहितीय, आमच्या गावच्या ओढ्याला वर्षातून चार महिने पाणी, तेसुद्धा ओढ्याच्या मनात आलं तर. तिथे उभं राहून हा माणूस पोरांना शिकवायचा, मिसिसिपी! तिची लांबी, तिच्या उपनद्या, तिच्या मुखाशी असलेला पक्षिपाद त्रिभुज प्रदेश... हा शब्द आम्ही पोरं घाबरून पाठ करायचो हो. म्हणजे नदी समुद्राला मिळताना गाळ टाकत टाकत जाते आणि वरून बघितलं तर पक्ष्याच्या पायासारखं दिसतं. बाबा फळ्याकडे पाठ करून, वर्गाकडे डोळे वटारून, हात मागे नेऊन तो पक्ष्याचा पाय काढायचे. एक बोट इकडचं तिकडे व्हायचं नाही!

तर हे बाबा डिसेंबरात आमच्याकडे आले. आई गेल्यापासून एकटेच होते, म्हटलं या सहा महिने. आले. आणि मग काय? आम्ही दोघं ऑफिसात, पोरगी शाळेत, बाबा अपार्टमेंटमध्ये. दोन हजार चार साल उजाडलं, जानेवारी गेला, फेब्रुवारी लागला, मी आपला रोज म्हणतोय, 'बाबा, एकदा ऑफिसमधला हा सॉफ्टवेअरचा रिलीज होऊ दे, मग फिरायला जाऊ.' बाबा म्हणायचे, 'हो हो, तुझी कामं आधी.' दुपारभर ते माझ्या गाडीतला रोड अॅटलास घेऊन बसायचे. एक दिवस मी तो उचलला, तर हातातच उघडला, लुइझियानाच्या पानावर! शिवण सुटली होती हो त्या पानाची. मी तो तसाच परत ठेवला. तर संध्याकाळी बाबा मटार सोलत सोलत, माझ्याकडे न बघता विचारतात, 'अवधूत... ती इथनं किती लांब रे?' मी म्हटलं, 'कोण?' म्हणाले, 'मिसिसिपी.' एखादी लग्न होऊन लांब गेलेली बहीण असावी ना, तिची चौकशी करावी तशी!

गलबललं हो मला. आल्यापासून माणसानं एक गोष्ट मागितली. मागितली पण नाही, अंतर विचारलं फक्त. मी म्हटलं, 'बाबा, मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला जायचं. तुम्हाला मिसिसिपी दाखवायची म्हणजे दाखवायची. मी नेणार!' तीन जूनचं त्यांचं परतीचं विमान. म्हणजे मेच्या शेवटी हा एकच वीकेंड हातात. चुकला की संपलं, सत्तरी उलटलेला माणूस परत एवढा प्रवास करून येतोय कधी? आणि एवढं कळत असताना मी काय करावं? मी त्याच शनिवारी हेमचंद्र काकांकडे जेवायला गेलो आणि बोललो!

हेमचंद्र काका म्हणजे आमच्या इथले जुने डॉक्टर, एकाहत्तर साली आलेले. आता रिटायर झाल्यापासून त्यांना पेशंट नाहीत, म्हणून ते आम्हाला तपासतात. मी फक्त एवढंच म्हटलं, 'काका, बाबांना घेऊन लुइझियानाला जातोय.' काकांनी चमचा खाली ठेवला. 'अवधूत, लिसन. रोड ट्रिप काय असते हे तुमच्या पिढीला माहीत नाही. सेव्हन्टी-थ्रीला मी आणि सुहासिनी चौदा स्टेट्स केली, गाडीत राइस कुकर घेऊन! एसी नाही, काही नाही. वुई विल प्लॅन धिस प्रॉपर्ली.' वुई? या 'वुई'कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला पाहिजे होतं. तेवढ्यात आतून सुहासिनी काकू पोळ्या घेऊन आल्या. 'अगं बाई, लुइझियानाला? मग जाताच आहात तर ह्यूस्टनवरून जाऊ या की! माझ्या भाचीला तेव्हा सातवा महिना असेल, ओटी भरून येऊ.' मी म्हटलं, 'काकू, ह्यूस्टन दक्षिणेला, आपल्याला जायचंय पूर्वेला.' तर काकू म्हणतात, 'वाटेतच आहे रे, थोडं वाकडं.' थोडं वाकडं! अडीचशे मैल आहे ते वाकडं!

आणि माझी बायको! प्रतिमानं तिथे माझी बाजू घ्यायची की नाही? ती म्हणते, 'जाताच आहोत तर बॅटन रूजला सुवर्णाकडे पण जाऊ ना, चार वर्षं बोलावतेय बिचारी.' सुवर्णा म्हणजे तिची मामेबहीण. आता बॅटन रूज मात्र मिसिसिपीच्या काठावरच आहे हो, म्हणून मी खूश झालो. घरी येऊन लगेच फोन लावला. म्हटलं, 'सुवर्णा, तुमच्या गावात नदी कुठून छान दिसते?' तर ती म्हणते, 'कुठली नदी?' मी म्हटलं, 'मिसिसिपी!' 'हां ती? हो, आहे की. ग्रोसरीला जाताना पूल लागतो ना, त्याच्याखाली आहे.' बारा वर्षं राहतेय ती तिथे, बारा! 'कशी दिसते गं?' म्हटलं. म्हणते, 'खाली कोण बघतंय, केवढा ट्रॅफिक असतो! पण तुम्ही याच. फक्त त्या वीकेंडला नका येऊ, आमच्याकडे कार्पेट बदलायला येतायत.' घ्या!

दुसऱ्या शनिवारी मीटिंगला यशोधन आला. हा यशोधन म्हणजे माझ्याच टीममधला, एकटाच राहतो, शनिवारी कुठे जेवण आहे याचा वास त्याला शुक्रवारी येतो. पोरगा चांगला आहे, पण लॅपटॉप उघडला की त्याच्यातला माणूस बंद होतो. एक्सेल शीट केलं त्यानं. दर पंधरा मिनिटांची एक ओळ! 'सर, रेस्टरूम ब्रेक अकरा मिनिटांचे धरलेत.' मी म्हटलं, 'अकरा का?' म्हणतो, 'अॅव्हरेज काढलंय. काकूंचे चौदा, माझे सहा.' काकू लाजल्या, मग चिडल्या, मग अर्धा तास त्या चौदा मिनिटांवर चर्चा! आणि जाता जाता हा पण म्हणतो, 'सर, ह्यूस्टनला जाताच आहोत तर नासा करू या ना यार.' आणि नासा म्हटल्यावर काकू म्हणाल्या, 'तिकडे जाताच आहोत तर मीनाक्षीचं देऊळ कसं सोडायचं?' आणि देवळाच्या शेजारी कुठेतरी डोसा चांगला मिळतो, हे काकांना माहीत! म्हणजे नदीला निघालेली गाडी ह्यूस्टनमध्येच दीड दिवस उभी! मी एक्सेल शीटमध्ये शोधतोय, शोधतोय, मिसिसिपी कुठाय? एकशे बाराव्या ओळीत! सोमवारी दुपारी, वीस मिनिटं. आणि त्यातली अकरा...

आणि बाबा कुठे होते म्हणता? तिथेच होते हो, सोफ्याच्या कडेला! मीटिंगला आम्ही त्यांना न्यायचो, कारण ट्रिप त्यांचीच ना! पण त्यांना कोणी विचारायचं नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचे सगळे, हॉस्पिटलात पेशंटबद्दल बोलतात तसं. 'बाबांना एवढं बसवेल का?' 'बाबांना नासा आवडेल.' 'बाबांना पाठीचा त्रास आहे, मोटेलमध्ये गादी कशी असेल?' बाबांना पाठीचा त्रास कधीच नव्हता! पाठीचा त्रास काकांना आहे! आणि आमची नऊ वर्षांची सावनी मधेच येऊन एकच प्रश्न विचारायची, 'डॅड, इज देअर अ पूल?' मी म्हटलं, 'बाळा, आपण अमेरिकेतली सगळ्यात मोठी नदी बघायला चाललोय.' 'बट कॅन यू स्विम इन इट?' 'नाही.' 'सो इज देअर अ पूल?' म्हणजे एक्सेलमध्ये अजून एक कॉलम. स्विमिंग पूल, हो की नाही.

मग निघाला विषय न्यू ऑर्लिन्सचा. बाबांचा पक्षिपाद का काय तो त्याच्याच पलीकडे. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. तर काकू म्हणतात, 'तिथे म्हणे रस्त्यात उभं राहून दारू पितात! आणि खायला सगळं जलचर. मगरसुद्धा खातात! बाबांना कसं न्यायचं तिथे?' आता बाबा मिरजेकडचे, सुके बोंबील काय आवडीनं खातात, पण नाही! बाबांसाठी न्यू ऑर्लिन्स कॅन्सल. काका म्हणाले, 'करेक्ट. आफ्टर ऑल, ट्रिप त्यांच्यासाठी आहे.' मग पाण्याशी तर जायचंय ना, मग समुद्र काय वाईट? मग समुद्र म्हणजे गॅल्व्हस्टन, मग गॅल्व्हस्टनचं पाणी घाण, मग चांगलं पाणी कुठलं तर फ्लोरिडाचं, मग फ्लोरिडाला जाताच आहोत तर... तर! तर सावनी उभ्या उभ्या उडी मारून किंचाळली, 'ऑर्लँडो!' आणि खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांचे चेहरे असे काही फुलले की मला कळून चुकलं, गेल्या साडेतीन महिन्यांत प्रत्येकाच्या मनात हेच होतं, फक्त नऊ वर्षांच्या पोरीनं ते मोठ्यानं म्हटलं.

मी ओरडलो. खरंच ओरडलो तुम्हाला सांगतो. 'अहो पण नदी! नदीचं काय?' सगळे माझ्याकडे बघतायत, की हा मध्येच नदी काय घेऊन बसला? तेवढ्यात यशोधन लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, 'सर, ड्राइव्ह कशाला? फ्लाइटचा सेल आहे, संपायला वीस मिनिटं राहिलीत. आणि मी रूट बघितला, विमान मिसिसिपीवरूनच जातं. बाबांना विंडो सीट देऊ.' आणि अहो... टाळ्या! टाळ्या वाजवल्या लोकांनी! काका म्हणाले, 'ब्रिलियंट! वरून तर डेल्टा आणखी चांगला दिसेल!' प्रतिमा म्हणाली, 'बघ, बाबांचं पण झालं आणि सावनीचं पण.' वीस मिनिटांत सात तिकिटं! नॉन-रिफंडेबल! बटण कोणी दाबलं विचारा. मी. माझं कार्ड, माझं बोट.

घरी येऊन बाबांना नीट सांगायचं तरी पाहिजे ना. म्हणजे ते तिथेच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण तरी मुलानं सांगायला नको? ते कपड्यांच्या घड्या करत होते. मी म्हटलं, 'बाबा, विमानातून दिसेल म्हणतायत. वरून.' बाबांनी माझ्या शर्टाची बाही सरळ केली, घडी घातली, म्हणाले, 'असं का? बरं.' रागावले असते तर बरं झालं असतं! रागावलेल्या बापाशी भांडता येतं हो, 'बरं' म्हणणाऱ्या बापाशी काय करणार? मला लाज वाटली. खरंच लाज वाटली. आणि लाज वाटून मी काय केलं? मी जाऊन ऑफिसच्या ईमेल्स बघितल्या.

आता इथे एक माणूस येतो. जगन्नाथ काका. आमच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये कृष्णा म्हणून मुलगी राहते, तिचे वडील, तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले. बाबांचे फिरायला जायचे जोडीदार. म्हणजे फिरायला कुठे, टपालाच्या पेट्यांपाशी बाक आहे, तिथपर्यंत जाऊन बसायचे दोघं. हे जगन्नाथ काका कोण? तर एसटीत होते. कऱ्हाड डेपोला कंट्रोलर! चौतीस वर्षं माणसांना खिडकीतून सांगितलं, कुठली गाडी कुठे जाते. अमेरिकेत आल्यापासून बिचाऱ्यांना कोणी एकदाही विचारलं नव्हतं की गाडी किती वाजता आहे. इथे सगळ्यांकडे स्वतःची गाडी!

बुधवारी मी ऑफिसमधून आलो. घर शांत. फ्रिजवर सावनीच्या चित्रांच्या मधोमध एक कागद, वर फुलपाखराचं मॅग्नेट. बाबांचं अक्षर, फळ्यावर असतं तसं. 'चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद. श्री. जगन्नाथराव यांच्यासमवेत मिसिसिपी नदी पाहण्यास जात आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत परत येऊ. काळजी नसावी. हरभऱ्याची डाळ भिजत घातली आहे, ती सौ. प्रतिमाने वाटून ठेवावी. कळावे. बाबा.'

दोन म्हातारे! इंग्रजी किती, तर यस-नो-थँक्यू! मोबाइल नाही! प्रतिमाला फोन केला, ती धावत आली, तिनं कागद वाचला, परत वाचला, म्हणाली, 'अरे देवा... मग डाळ वाटू का?' हेमचंद्र काका दहा मिनिटांत हजर, बीपीचं मशीन घेऊन. बाबा नाहीत म्हटल्यावर त्यांनी माझंच बीपी घेतलं. 'धिस इज इरिस्पॉन्सिबल! विदाउट एनी प्लॅनिंग!' यशोधन आला, बसला, लॅपटॉप उघडला आणि नवीन शीट सुरू केलं. मी धावत गेलो कृष्णाकडे. ती निवांत भांडी लावतेय! म्हटलं, 'अगं, तुझे वडील...' 'हो, बाबा नदी बघायला गेलेत ना पुरुषोत्तम काकांबरोबर. मीच स्टँडवर सोडलं सकाळी. थालीपीठं दिलीत डब्यात. फोन पण आला मगाशी पोचल्याचा. तुम्हाला नाही सांगितलं?' नाही! मला नाही सांगितलं! तर ती सहज म्हणते, 'अरे हो, काका म्हणत होते, अवधूतचं प्लॅनिंग चाललंय, त्याला मधेच डिस्टर्ब नको.'

हे तुम्ही ऐकताय ना? डिस्टर्ब नको!

शुक्रवारी मी हाफ डे टाकला. स्टँडवर घ्यायला गेलो असतो, पण ते आधीच्या गाडीनं आले आणि कृष्णाला फोन करून तिच्याबरोबर घरी पण पोचले! मी येतो तर दोघं आमच्या टेबलाशी चहा पितायत. टोप्या वाऱ्यानं वाकड्या झालेल्या, नाकं उन्हानं लाल, आणि दोघांच्या तोंडावर असं काही... काय सांगू, शाळा बुडवून आलेल्या पोरांच्या तोंडावर असतं ना, ते! मी बोलायला लागलो. सुटलोच! 'कळतं का तुम्हाला, काही झालं असतं तर, कुठे राहिलात, काय खाल्लंत, कोणाला विचारून...' जगन्नाथ काका शांतपणे म्हणाले, 'अहो, त्यात काय? स्टँडवर गेलो. भिंतीवर वेळापत्रक होतं. खिडकी होती. दोन न्यू ऑर्लिन्स म्हटलं, दिले. गाडी जरा उशिरा सुटली, पण ड्रायव्हर चांगला होता, ओव्हरटेक बघून करत होता. राहायचं म्हणाल तर तिथे फोनचं पुस्तक घेतलं, मोटेलांत पटेल शोधला. पटेलच्या बायकोनं खिचडी-कढी वाढली. पैसे घेईना ती खिचडीचे.' पंधरा मिनिटांत! पंधरा मिनिटांत ठरवलं होतं त्यांनी, त्या टपालाच्या पेट्यांपाशी बसून! एक्सेल नाही, नकाशा नाही, चिवडा नाही!

आणि तिथे केलं काय? तर नदीवर फेरीबोट आहे, या काठावरून त्या काठावर, चालत जाणाऱ्याला फुकट. हे दोघं बसले. पलीकडे गेले, उतरले, पुन्हा बसले, अलीकडे आले. आठ वेळा! आठ वेळा मिसिसिपी ओलांडली या माणसांनी. पाचव्या खेपेला बोटीवरचा दोर बांधणारा माणूस म्हणाला, 'व्हेअर यू जेंटलमेन गोइंग?' तर जगन्नाथ काका म्हणाले, 'दॅट साइड.' सहाव्या खेपेला परत त्यानं विचारलं, तर म्हणाले, 'धिस साइड.' आणि मग आमचे बाबा उठले, म्हणे, टोपी सारखी केली, आणि त्या माणसाला म्हणाले... जगन्नाथ काकांनी नक्कल करून दाखवली... 'सर. आय अॅम टीचर ऑफ युवर रिव्हर. थर्टी-वन इयर्स.' तो माणूस दोर तसाच हातात धरून उभा राहिला, म्हणाला, 'वेल, यू टुक युवर टाइम, सर.' आणि बाबांना वर कप्तानाच्या शेजारी नेऊन उभं केलं. उरलेल्या दोन खेपा बाबांनी तिथून केल्या!

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, 'बाबा, मी नेणार होतो ना तुम्हाला.' बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. 'हो रे. तुझं चाललंच होतं की.' टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर मी टोमणा म्हणून घेतला असता. मनापासून म्हणाले. मग मी विचारलं, 'कशी होती?' तर म्हणाले, 'सांगून कळत असती तर मी एकतीस वर्षं वर्गात काय कमी सांगितली? बघायची असते ती.' आणि उठून आत गेले, आणि गाढ झोपले. आणि मी त्या टेबलाशी बसून होतो, समोर दोन रिकामे कप, आणि मला आनंद झाला होता आणि वाईट पण वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि कुठलं जास्त ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पण तिकिटं! नॉन-रिफंडेबल! शनिवारी सकाळी आमची वरात निघाली विमानतळावर. काकू, काका, काकांची पाठ, यशोधन, त्याचा लॅपटॉप, सावनी, प्रतिमा, मी आणि बाबा. सगळे विमानात बाबांना म्हणतायत, 'बसा बाबा, विंडोला बसा, तुमच्यासाठीच घेतलीय!' बाबा माझ्याकडे वळले. 'तू बस खिडकीशी. मी बघितलीय. तू बघ.' आणि मधल्या सीटवर बसून त्यांनी डोळे मिटले.

बसलो. नाक काचेला लावून बसलो. तासाभरानं पायलटनं सांगितलं, आता उजवीकडे खाली मिसिसिपी नदी. मागून काका, 'अवधूत, दिसतोय का डेल्टा?' पलीकडून काकू, 'मला सांग रे दिसली की, नमस्कार करते!' मी बघतोय, बघतोय... खाली काय होतं सांगू? ढग! हा एवढा कापूस! आणि कापसावर आमच्या विमानाचा पंख! पण मागे एवढी माणसं वाट बघतायत, साडेतीन महिन्यांचं प्लॅनिंग, माझ्याच्यानं नाही म्हणवेना. मी म्हटलं, 'दिसली, दिसली! काय सुंदर आहे!' काकूंनी हात जोडले. सगळे खूश.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, 'रंग कुठला?'

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, 'आं?' 'रंग. नदीचा.' मी आपला अंदाजानं म्हटलं, 'निळी... निळीशार.' बाबा म्हणाले, 'चूक. चहाच्या रंगाची आहे. अर्ध्या देशाचा गाळ घेऊन येते ती, निळी कशी असेल? खोटं सांगतोस? उभा राहा.'

आणि अहो, एक्केचाळीस वर्षांचा माणूस मी, हाताखाली नऊ इंजिनीयर, पण त्या आवाजाला माझे पाय माझं ऐकत नाहीत हो! उठलोच! आणि तिकडून ती हवाईसुंदरी धावत, 'सर! सीटबेल्ट साइन इज ऑन, सर! सिट डाउन!' ती म्हणते बस, ते म्हणतात उभा राहा, कमरेला तो पट्टा, डोक्यावर तो सामानाचा कप्पा... मग काय करणार? पट्टा बांधलेला असताना माणूस जेवढा उभा राहू शकतो ना, तेवढा राहिलो.